कवच आणि उतारा : किरणोत्सर्गावरील औषधांच्या इतिहासाविषयी काही विचार

मराठीत 'उतारा' हा शब्द किती ओझी वाहतो, हे शब्दकोश उघडल्याशिवाय सहसा ध्यानात येत नाही. पाठ्यपुस्तकातला उतारा, सात-बाराचा उतारा, आजाऱ्यावरून ओवाळून टाकायचा उतारा आणि विषावरचा उतारा. यांतल्या शेवटच्या अर्थात एक कालक्रम गृहीत आहे. आधी विष चढते, मग ते उतरवायचे. 'कवच' या शब्दाचा कालक्रम उलटा आहे. घाव पडण्यापूर्वीच ते अंगावर असावे लागते. घाव पडल्यानंतर चढवलेल्या कवचाला काही अर्थ नसतो. किरणोत्सर्गापासून शरीराला वाचवू पाहणाऱ्या औषधांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या दोन शब्दांच्या मधल्या जागेत घडला, असे म्हणता येईल. तो मुख्यतः वैद्यकाचा इतिहास आहे, हे खरेच. परंतु औषध 'आधी' द्यायचे असेल तर येणारे संकट कुणाला तरी आधी ठाऊक असले पाहिजे, आणि ठाऊक असणाऱ्याने ते इतरांना सांगितले पाहिजे. या ठिकाणी हा इतिहास रसायनशास्त्राच्या हद्दीतून बाहेर पडतो आणि भाषेच्या, साक्षीच्या, सांगण्या-न सांगण्याच्या प्रांतात येतो. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहावे ते यासाठी.

राँटगेनने क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लावला. त्यानंतरच्या दशकभरातच हे किरण त्वचा जाळतात, हे त्यांच्याशी खेळणाऱ्यांच्या अनुभवाला आले. एडिसनच्या प्रयोगशाळेतील सहायक क्लॅरेन्स डॅली याचे हात या प्रयोगांत गेले आणि १९०४ साली तो मरण पावला. तरीही पुढची चाळीस वर्षे या इजेवरचा उपाय म्हणजे शिशाचा पडदा आणि अंतर, एवढाच होता. औषधाची कल्पना गंभीरपणे पुढे आली ती हिरोशिमा आणि नागासाकीनंतर.

हिरोशिमातील एका रुग्णालयाचे संचालक डॉ. मिचिहिको हाचिया स्वतः जखमी झाले होते. ६ ऑगस्ट १९४५ पासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्यांनी ठेवलेली दैनंदिनी १९५५ साली इंग्रजीत आली. युद्धसाहित्य म्हणून ती वाचली जाते. पण ती एका अज्ञात रोगाच्या नामकरणाची कथाही आहे. रक्ताचे जुलाब होणारे रोगी पाहून डॉक्टरांना प्रथम आमांशाच्या साथीची शंका येते आणि रोग्यांना वेगळे ठेवण्याची धडपड सुरू होते. वरवर सुखरूप दिसणारी माणसे दोन-तीन आठवड्यांनी अंगावर बारीक रक्ताळ ठिपके उमटून मरू लागतात. टोकियोहून सूक्ष्मदर्शक आल्यानंतर कळते की रक्तातील पांढऱ्या पेशीच नाहीशा होत आहेत. रोगाला नाव नाही, कारण ठाऊक नाही, तेव्हा औषधाचा प्रश्नच नव्हता.

पहिली आशा दिसली ती १९४९ साली. शिकागोजवळील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत हार्वे पॅट आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांना सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल टोचले आणि नंतर त्यांच्यावर क्ष-किरणांची मारक मात्रा सोडली. एरवी जे उंदीर मेले असते त्यांतील बहुसंख्य जगले. सिस्टीन हे काही दुर्मिळ रसायन नव्हे. आपल्या केसांत आणि नखांत ते असतेच. मात्र याच प्रयोगाने दुसरी गोष्टही दाखवून दिली. तेच सिस्टीन किरण सोडल्यानंतर दिले तर त्याचा काही उपयोग होत नव्हता.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पेशीचा बहुतेक भाग पाण्याचा असतो. किरण पेशीतून जाताना पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यातून अत्यंत क्रियाशील अशी मुक्त मूलके तयार होतात. ती डीएनएच्या साखळीवर तुटून पडतात. गंधकयुक्त रेणू तेथे आधीच हजर असेल तर तो या मूलकांना आपला हायड्रोजन देऊन शांत करतो, किंवा डीएनएला पडलेली खोक तिथल्या तिथे बुजवतो. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या अत्यल्प अंशात आटोपतो. नंतर पोचलेला रेणू म्हणजे लढाई संपल्यावर रणांगणावर आलेला शिपाई. रोगी आठवड्यांनी मरतो, पण त्याच्या मरणाचा निवाडा त्या क्षणांशात झालेला असतो.

बेल्जियममधील लीज येथे झेनों बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये सिस्टीनचाच नातलग असलेले सिस्टिॲमिन अधिक प्रभावी असल्याचे दाखवले. त्याच सुमारास शिकागोत लिऑन जेकबसन निराळ्याच वाटेने चालले होते. उंदराच्या प्लीहेला शिशाचे आवरण घालून बाकी शरीरावर किरण सोडले तर उंदीर वाचतो, असे त्यांना आढळले. वाचलेली प्लीहा रक्तपेशींचे उत्पादन पुन्हा सुरू करून देत होती. या निरीक्षणातून निघालेली वाट पुढे अस्थिमज्जेच्या रोपणापर्यंत पोचली. पहिली वाट कवचाची, दुसरी उताऱ्याची. गंमत अशी की पुढील तीन दशके पैसा आणि प्रतिष्ठा प्रामुख्याने पहिल्या वाटेला मिळाली.

त्यामागे शीतयुद्धाची निकड होती. १९५१ ते १९५७ या काळात नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोटांच्या वेळी अमेरिकी सैनिकांना हजर ठेवून कवायती घेतल्या गेल्या. अणुरणांगण ही कल्पना सेनाधिकाऱ्यांना अशक्य वाटत नव्हती. त्या रणांगणावर चालू शकेल असा सैनिक मात्र हवा होता. १९५९ मध्ये वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत एक विस्तृत कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि त्यात चार हजारांहून अधिक संयुगे तयार करून तपासली गेली. त्यांतील सर्वांत गुणकारी ठरले ते डब्ल्यूआर-२७२१, म्हणजेच पुढे ॲमिफोस्टीन या नावाने ओळखले गेलेले औषध. उंदरांत ते आधी दिले तर मारक मात्रेची पातळी सुमारे अडीचपट वर जात असे.

परंतु सैनिकाचे कवच म्हणून ते कधीच उपयोगी पडले नाही. ते शिरेतून द्यावे लागते, त्याने मळमळ आणि उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. ज्याला बंदूक धरायची आहे त्याला हे औषध देणे म्हणजे शत्रूचे काम हलके करणे. शिवाय स्फोट केव्हा होणार हे ठाऊक असेल तरच ते वेळेवर देता येणार. रणभूमीवर असे वेळापत्रक मिळत नाही. ते मिळते फक्त एका ठिकाणी, कर्करोगाच्या किरणोपचार कक्षात. तेथे किरण केव्हा, किती आणि कोठे पडणार हे अगोदर लिहून ठेवलेले असते. हे औषध पेशीपर्यंत पोचताना एका विकराकडून सुटे केले जाते. निरोगी ऊतींत ही क्रिया चांगली होते आणि गाठीत कमी, म्हणून निरोगी भागाला संरक्षण अधिक मिळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲमिफोस्टीनला प्रथम १९९५ साली एका कर्करोगविरोधी औषधाच्या मूत्रपिंडावरील दुष्परिणामांसाठी, आणि १९९९ साली डोके व मानेच्या किरणोपचारात लाळग्रंथी वाचवण्यासाठी मान्यता दिली. अणुयुद्ध जिंकण्यासाठी शोधलेले औषध अखेर कुणाच्या तरी तोंडाला कोरड पडू नये म्हणून वापरले गेले. हा उपहास नाही. लाळ आटलेल्या माणसाला घास गिळता येत नाही आणि धड बोलताही येत नाही. त्याची लाळ राखणे ही लहान गोष्ट नव्हे.

या लष्करी कुतूहलाची काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. किरणांची किती मात्रा मिळाल्यावर सैनिक निकामी होतो, हे उंदरांवरून कळत नव्हते. सिनसिनाटी विद्यापीठात १९६० ते १९७१ या काळात संरक्षण खात्याच्या पैशाने सुमारे ९० कर्करुग्णांच्या बहुधा सर्वांगावर किरणांचा मारा करण्यात आला. रुग्ण प्रामुख्याने गरीब होते आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. आपण उपचार देत होतो, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. मात्र संरक्षण खात्याला पाठवलेल्या अहवालांचा विषय सैनिकाच्या शरीरावर होणारे परिणाम हा होता. मळमळ आणि उलट्या होतील, हे रुग्णांना मुद्दाम सांगितले जात नसे. सांगितले तर केवळ सूचनेनेच ती लक्षणे दिसतील आणि नोंदी दूषित होतील, असा त्यामागचा हिशेब होता.

हे प्रकरण विद्यापीठात उजेडात आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या मार्था स्टीफन्स या त्याच विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत होत्या. त्यांनी ते अहवाल मिळवून वाचले, आणि तरुण प्राध्यापकांच्या संघटनेने १९७२ च्या आरंभी त्यावरचे टिपण जाहीर केले. प्रयोग थांबला. दोन दशकांनी, १९९४ च्या सुमारास, हा विषय पुन्हा पेटला तेव्हा कोठे मृतांची नावे त्यांच्या कुटुंबांशी जोडली गेली. स्टीफन्स यांचे या विषयावरील पुस्तक २००२ साली आले. त्यांच्याजवळ वैद्यकाचे ज्ञान नव्हते. त्यांनी एवढेच केले की एक मजकूर मन लावून वाचला: त्यात कर्ता कोण, कर्म कोण, 'उपचार' या शब्दाखाली काय दडले आहे आणि रुग्णाचा आवाज कोठे गहाळ आहे, हे पाहिले. आपण वर्गात जे शिकवतो ते याहून वेगळे नाही.

कर्णाची कथा येथे आठवते. इंद्र ब्राह्मणाचे रूप घेऊन कवच मागायला येणार, हे सूर्याने त्याला आधी स्वप्नात येऊन सांगितलेले असते. कर्ण जे देतो ते परिणाम जाणून देतो, म्हणून त्याला दान म्हणता येते. सिनसिनाटीच्या रुग्णांच्या स्वप्नात कोणी सूर्य आला नाही.

आता आयोडीनकडे वळू. ॲमिफोस्टीनप्रमाणे ते पेशीतील मूलकांशी लढत नाही; त्याचे काम अगदी साधे आहे. अवटू ग्रंथी रक्तातील आयोडीन ओढून घेते, ते साधे की किरणोत्सर्गी हा भेद तिला कळत नाही. अणुभट्टीतून निसटलेले आयोडीन-१३१ येण्यापूर्वी, किंवा निदान पहिल्या काही तासांत, पोटॅशियम आयोडाइड देऊन ग्रंथी भरून टाकली तर वाईट आयोडीनला आत जागा राहत नाही. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते, म्हणजे थोडे दिवस पहारा ठेवला की भागते. गोळी स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि अमेरिकेत १९७८ मध्येच ती या कामासाठी सुरक्षित व परिणामकारक ठरवली गेली होती.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची भट्टी फुटली. प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी रिकामे करण्यात आले. परंतु आसपासच्या खेड्यांतील गाई चरत राहिल्या आणि मुले ते दूध पीत राहिली. सोव्हिएत दूरचित्रवाणीने २८ तारखेच्या संध्याकाळी काही वाक्यांची बातमी दिली. तीही स्वीडनमधील यंत्रांनी किरणोत्सर्ग पकडल्यानंतर. शेजारच्या पोलंडला मॉस्कोने काही कळवले नव्हते. तेथील शास्त्रज्ञांनी आपल्या उपकरणांवरून अंदाज बांधला, आणि २९ तारखेपासून आयोडीनचे द्रावण वाटायला सुरुवात झाली. सुमारे पावणेदोन कोटी लोकांना ते पाजण्यात आले, त्यांत एक कोटीहून अधिक मुले होती. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत १९८६ साली ज्यांचे वय अठराच्या आत होते त्यांच्यात २००५ पर्यंत अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. सुदैवाने हा कर्करोग बहुधा बरा होतो. त्या काळापर्यंत त्यातील १५ जण दगावले होते. पोलंडवर पडलेली मात्रा मुळातच कमी होती, म्हणून दोन्ही आकडे समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तरी एवढे म्हणता येते की बेलारूसच्या मुलांचे बरेचसे नुकसान टाळण्यासाठी नवा शोध लागण्याची गरज नव्हती. 'दूध देऊ नका' हे तीन शब्द वेळेवर पोचले असते तरी पुष्कळ होते. स्वेतलाना अलेक्सिएविच यांचे १९९७ साली प्रसिद्ध झालेले चेर्नोबिलविषयीचे पुस्तक वाचताना किरणोत्सर्गाइतकेच हे न सांगणेही आपल्याला छळत राहते.

पंचवीस वर्षांनी जपानमध्ये, जेथे गुप्ततेचे सोव्हिएत कारण देता येणार नाही, तेथेही हाच प्रश्न उभा राहिला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या भट्ट्या निकामी झाल्या तेव्हा गोळ्या कोठारांत होत्या, पण त्या घेण्याची आज्ञा वरून खाली वेळेवर पोचली नाही. मिहारू नावाच्या गावाने १५ मार्च रोजी स्वतःच्या जबाबदारीवर ४० वर्षांखालील रहिवाशांना गोळ्या वाटल्या. प्रांतिक प्रशासनाने त्या परत घेण्यास सांगितले. गावाने ते मानले नाही. फुकुशिमात लोकांच्या अवटू ग्रंथींना मिळालेल्या मात्रा चेर्नोबिलच्या तुलनेत खूपच कमी होत्या, हे पुढे स्पष्ट झाले. पण वारा कोणत्या दिशेने वाहील हे ठाऊक नसलेल्या त्या दिवशी मिहारूने घेतलेला निर्णय या माहितीने लहान होत नाही.

आयोडीनची गोळी म्हणजे 'रेडिएशनवरची गोळी' असा समज आपल्याकडेही आहे. तो चुकीचा आणि घातकही आहे. ती फक्त एका ग्रंथीला, फक्त एका मूलद्रव्यापासून वाचवते. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात भंगार वेचणाऱ्यांनी एका सोडून दिलेल्या रुग्णालयातील किरणोपचार यंत्राचा भाग फोडला. आतली सीझियम-१३७ ची पूड अंधारात निळी चमकत होती. लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. चौघे मेले, २४९ जण बाधित आढळले आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. तेथे आयोडीन निरुपयोगी होते. उपयोगी पडला तो प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये योगायोगाने तयार झालेले हे चित्रकाराचे रंगद्रव्य. जपानी चित्रकार होकुसाई याच्या प्रसिद्ध लाटेतही ते आहे. हा रंग पोटात घेतला की आतड्यात सीझियमला पकडून ठेवतो आणि मलावाटे बाहेर काढतो. सीझियमची शरीरातील मात्रा निम्मी व्हायला सुमारे ११० दिवस लागतात, ते सुमारे ३० वर येतात. गोयानियात ४६ जणांना तो देण्यात आला. निळ्या चमकीने केलेल्या घातावर निळ्याच रंगाचा उतारा पडावा, हा योगायोग कोणा कथाकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत असाच पोचला. आठ जण बाधित झाले, त्यांतील एक दगावला. हा स्रोत बाहेरून किरण टाकत होता, त्यामुळे येथे आयोडीनचाही उपयोग नव्हता आणि प्रशियन ब्लूचाही. भंगारात काय आले आहे हे ते हाताळणाऱ्यांना ठाऊक नव्हते, ही मात्र गोयानिया आणि मायापुरी यांतली समान ओळ.

भारतीय संशोधकांनी या क्षेत्रात बरेच काम केले आहे. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात १९९० च्या दशकात तुळशीच्या पानांतील ओरिएंटिन आणि व्हायसेनिन या द्रव्यांचा उंदरांवर अभ्यास झाला. दिल्लीच्या इनमास या संरक्षण संशोधन संस्थेने हिमालयातील वनस्पतींवर, विशेषतः सी-बकथॉर्नवर प्रयोग केले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टाटा मेमोरियलच्या सहकार्याने विकसित केलेल्या 'ॲक्टोसाइट' गोळ्या २०२४ साली किरणोपचार घेणाऱ्या कर्करुग्णांसाठी आल्या. त्यांची नोंद पोषकद्रव्य म्हणून आहे. अशा बातम्यांनी अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु उंदराच्या शरीरात मिळालेले यश आणि माणसाला मिळालेले संरक्षण यांत पॅटपासून आजवर मोठी दरी राहिली आहे. अंगणात तुळस आहे म्हणून अणुभट्टीची चिंता नको, असे या संशोधकांपैकी कोणीही म्हटलेले नाही. ते म्हणतो तो आपला उत्साह.

जेकबसनच्या, म्हणजे उताऱ्याच्या वाटेचे काय झाले? मार्च २०१५ मध्ये अमेरिकेत फिलग्रास्टिम या औषधाला तीव्र किरणबाधेसाठी मान्यता मिळाली. नंतर त्याच्या जोडीला आणखी काही औषधे आली. ती पेशींना पडलेला घाव भरत नाहीत. अस्थिमज्जेत जे थोडे जिवंत उरले आहे त्याला नव्या रक्तपेशी घडवायला प्रवृत्त करतात. हाचिया यांना सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पेशी दिसल्या नाहीत, त्याच या. ही औषधे नंतर देता येतात. त्यांची परिणामकारकता प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध करण्यात आली, कारण माणसांवर मारक किरण सोडून औषध तपासणे नीतीला धरून नाही, हे २००२ साली केलेल्या नियमाने मान्य केले आहे. सिनसिनाटीनंतर तीस वर्षांनी ते नियमांत आले.

शरीराला सर्व किरणांपासून वाचवणारे कवच आजही कोणाजवळ नाही. आहेत ती तुकड्यातुकड्यांची साधने: एक ग्रंथीसाठी, एक सीझियमसाठी, एक लाळेसाठी, एक मज्जेसाठी. ऑगस्ट २०२२ मध्ये झापोरिझ्झियाच्या भट्टीभोवती तोफा धडाडू लागल्या तेव्हा युरोपीय संघाने युक्रेनला आयोडाइडच्या ५५ लाख गोळ्या देऊ केल्या. प्रत्येक गोळीबरोबर एक वाक्य असावे लागते: ही केव्हा घ्यायची, कोणी घ्यायची, आणि ही कशावर चालत नाही. ते वाक्य वेळेवर, लोकांना समजेल अशा भाषेत आणि काही न लपवता उच्चारले गेले की नाही, यावर त्या गोळीचा गुण अवलंबून आहे. आपल्या राज्यात तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून आहे. तिच्या परिसरातील गावांत ते वाक्य कोणत्या बोलीत, कोणाच्या तोंडून सांगितले जाईल, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकांनी विचारायला हरकत नाही.